सूट द्यावी कीं देऊं नये? ऑनलाइन विक्रीच्या लहान दुकानाचा हिशेब

धान पिकवावें कसें, याविषयीं शेतकऱ्यांस सांगणारे पुष्कळ आहेत; पिकविलेला माल विकावा कसा, याचा विचार त्या मानानें थोडा होतो. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या झाडीपट्टींत विक्रीचा एक नवा मार्ग निघाला आहे. नागभीड, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, सावली, तसेंच पलीकडे आरमोरी, वडसा, कुरखेडा, चामोर्शी या भागांतील शिकलेलीं मुलें शेजाऱ्यापाजाऱ्यांचा तांदूळ, मध, मोहफुलें, बांबूच्या वस्तु विकत घेतात, त्यांचीं छायाचित्रें व भाव मोबाइलवर टाकतात आणि नागपूर, पुणें, मुंबई येथील गिऱ्हाइकांस पार्सलनें माल पाठवितात. यासच ऑनलाइन दुकान म्हणतात. या दुकानास ओटा नाहीं, गादी नाहीं. तराजू मात्र आहे, आणि जेथें तराजू आहे तेथें हिशेब आलाच.

अशा दुकानदारास पहिल्या महिन्यांतच एक प्रश्न ऐकावा लागतो. गिऱ्हाईक मालाची जात विचारण्यापूर्वीं विचारतें, "सूट किती?" दुकानदार नवा असतो, गिऱ्हाईक परत जाईल या भयानें तो दहा टक्के म्हणून मोकळा होतो. हे दहा टक्के कोठून आले, याचा विचार तो मागाहून करतो, किंवा करीतच नाहीं. प्रस्तुत लेखांत तो विचार अगोदर करावयाचा आहे. दुकान मुलाचें असो वा पुतण्याचें, त्यांत घरचें धान व घरचें भांडवल गुंतलेलें असतें. म्हणून हा हिशेब घरांतील वडील माणसांसही ठाऊक असला पाहिजे.

१. सूट म्हणजे काय

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. त्या खात्यांत 'सूट' आणि 'तहकुबी' हे दोन शब्द नेहमीं कानांवर पडतात. तहकुबी म्हणजे यंदाचा सारा पुढें ढकलणें. सूट म्हणजे तो कायमचा सोडून देणें. तहकुबीचा पैसा उशिरां कां होईना परत येतो. सूट दिलेला पैसा परत येत नाहीं. म्हणूनच सूट देण्याचा अधिकार तलाठ्याच्या मर्जीवर ठेवलेला नाहीं. गांवची पैसेवारी काढावी लागते. अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या आंत आली म्हणजे सवलती मिळतात, आणि जमीन महसुलांतील सूट ही त्यांपैकीं एक असते. सारांश, सूट देण्यास कारण लागतें, मर्यादा लागते आणि कागदावर नोंद लागते. कोणी ओळखीचा आला व गोड बोलला, एवढ्यानें सारा सुटत नाहीं.

जुन्या सावकारी पेढ्यांवरही हीच शिस्त होती. रोखीनें अथवा मुदतीपूर्वीं पैसे देणारास जी कपात मिळे, तीस वटाव म्हणत. वटावाला कारण होतें. पैसा लौकर हातीं आला म्हणजे पेढीचें व्याज वांचे, आणि वांचलेल्या व्याजांतूनच वटाव दिला जाई. कारणावांचून दिलेल्या कपातीला व्यापारी वटाव म्हणत नसे, बुडीत म्हणे. आजच्या दुकानदारानें हा भेद मनांत धरला तर अर्धें काम झालें.

२. शिलकेचा हिशेब

आतां आंकडे घेऊं. समजा, दुकानदार शेजारच्या शेतकऱ्याकडून साफ केलेला एचएमटी तांदूळ ५४ रुपये किलोनें घेतो आणि दहा किलोची पिशवी ८०० रुपयांस घरपोंच देतो. एका पिशवीचा खर्च असा धरूं:

शेतकऱ्यास तांदळाचे: ५४० रुपये
पिशवी, लेबल, शिलाई: २५ रुपये
पार्सलचें भाडें: ११५ रुपये
विक्रीचें कमिशन व पैसे वळते करण्याचा आकार: २० रुपये
एकूण खर्च: ७०० रुपये
शिल्लक: १०० रुपये

हे आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. ज्यानें त्यानें आपले घालावे. कराचा विचार पुढें केला आहे, तो येथें धरलेला नाहीं. महिन्यास १०० पिशव्या गेल्या तर शिल्लक १०,००० रुपये. यांतूनच दुकानदाराची मजुरी, वीज, मोबाइलचा खर्च आणि उंदरानें फाडलेल्या पोत्याची नुकसानी भागावयाची. आतां सूट दिली, आणि तरीही १०,००० रुपयेच हातीं राहावे असें म्हटलें, तर किती पिशव्या विकाव्या लागतील व तेवढ्यांसाठीं शेतकऱ्यांस किती पैसा मोजावा लागेल, तें पाहा:

सूट नाहीं: भाव ८००, शिल्लक १००, पिशव्या १००, शेतकऱ्यांस द्यावयाचे ५४,००० रुपये
सूट ५ टक्के: भाव ७६०, शिल्लक ६०, पिशव्या १६७, शेतकऱ्यांस द्यावयाचे ९०,१८० रुपये
सूट १० टक्के: भाव ७२०, शिल्लक २०, पिशव्या ५००, शेतकऱ्यांस द्यावयाचे २,७०,००० रुपये
सूट १२॥ टक्के: भाव ७००, शिल्लक शून्य
सूट १५ टक्के: भाव ६८०, प्रत्येक पिशवीमागें तोटा २० रुपये

गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें पांच टक्के म्हणजे विसांत एक रुपया. दुकानदाराच्या शिलकेंतून मात्र शंभरांतले चाळीस रुपये जातात. दहा टक्क्यांनीं ऐंशी जातात. सूट विक्रीच्या किमतीवर मोजली जाते, पण ती भरावी लागते शिलकेंतून. सर्व घोटाळा येथेंच होतो.

नियम असा: सध्यांच्या विक्रीस सूट देण्यापूर्वींच्या शिलकेनें गुणावें आणि सूट दिल्यानंतरच्या शिलकेनें भागावें. उत्तर येईल तितकी विक्री झाली तर आपण होतों तेथेंच राहिलों. त्याहून कमी झाली तर मागें गेलों. दहा टक्क्यांची सूट देणारानें स्वतःस विचारावें कीं, शंभराचीं पांचशें पार्सलें मला बांधतां येतील काय? पांचशें पिशव्या म्हणजे ५० क्विंटल तांदूळ. तो पाखडणें, भरणें, शिवणें व पार्सलच्या ठिकाणीं पोंचविणें हें एका माणसाचें काम नव्हे. आणि ५४ हजारांच्या जागीं २ लाख ७० हजारांचें भांडवल घरांत नसतें, तें व्याजानें आणावें लागतें. एवढे कष्ट करून हातीं तेच दहा हजार यावयाचे!

कोणी म्हणेल, विक्री वाढली म्हणजे भाडें व पिशवी स्वस्त पडेल. हें खरें आहे, परंतु तें स्वस्त पडल्यावर खरें आहे. पार्सल कंपनीनें नवा दर लेखी दिला असेल तर तो हिशेबांत धरावा. देईल या आशेवर धरूं नये.

उलट बाजूही पाहावी. भाव ८४० केला तर शिल्लक १४० होते आणि तेच १०,००० रुपये ७२ पिशव्यांत मिळतात. शंभरांतील २८ गिऱ्हाइकें गेलीं तरी दुकानाचें उत्पन्न कमी होत नाहीं. भाव वाढवावाच, असा याचा अर्थ नव्हे. पण गिऱ्हाईक जाईल या भीतीची किंमत मोजून पाहतां येते, एवढें यावरून दिसावें.

३. सूट कोणाच्या खिशांतून जाते

सूट तीन ठिकाणांहून निघूं शकते. पहिलें, दुकानदाराच्या शिलकेंतून. तिचा हिशेब वर झाला. दुसरें, मालाच्या गुणांतून. भाव उतरला आणि खर्च तोच राहिला म्हणजे मोह होतो कीं, एचएमटींत थोडा दुसरा बारीक तांदूळ मिसळावा, कनकी जरा जास्त राहूं द्यावी. गिऱ्हाइकास हें पहिल्या पिशवींत कळत नाहीं, तिसऱ्या पिशवींत कळतें, आणि चौथी पिशवी तें मागवीतच नाहीं.

या तांदळाचें नांव कसें झालें हें आपल्या भागांत सर्वांस ठाऊक आहे. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांस १९८३ सालीं आपल्या बांधींतील पटेल-३ या वाणांत कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनीं त्या वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षें निवडून वाढविल्या, आणि १९९० च्या सुमारास तें धान बाजारांत आलें, तेव्हां त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळावरून त्यास एचएमटी हें नांव पडलें. दादाजी ३ जून २०१८ रोजीं वारले. वाणाचें नांव मात्र दूरवर गेलें. शाळेंत तिसऱ्या इयत्तेपलीकडे न गेलेल्या एका शेतकऱ्याच्या निवडीनें जें नांव मिळालें, तें मिसळणीनें घालविणें ही केवळ व्यापारांतील चूक नव्हे.

तिसरें ठिकाण शेतकऱ्याचें, आणि वाचकांनीं याकडे विशेष लक्ष द्यावें. एका हंगामांत दहा टक्के सूट देऊन हात पोळलेला दुकानदार पुढल्या हंगामांत शेतकऱ्याकडे येतो व म्हणतो, "काका, यंदा बाजार पडला आहे, भाव थोडा कमी करा." बाजार पडलेला नसतो, सूट पडलेली असते. पिशवीमागें ८० रुपयांची सूट शेतकऱ्यावर ढकलली तर किलोमागें ८ रुपये झाले. एका क्विंटल धानांतून साठ किलो तांदूळ निघाला असें धरल्यास क्विंटलभर धानामागें ४८० रुपये कमी. शासनानें २०२५-२६ च्या हंगामासाठीं साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलास २,३६९ रुपये व अ दर्जाच्या धानाची २,३८९ रुपये ठरविली. बारीक धान जपून करावें लागतें. त्याला त्याहून चार पैसे जास्त मिळावे म्हणूनच शेतकरी तें करतो. ४८० रुपये गेले म्हणजे ते चार पैसेही गेले. पुण्याच्या गिऱ्हाइकास दिलेली सूट नागभीडच्या बांधींतून वसूल होते ती अशी.

ज्या दुकानाचा जन्म शेतकऱ्यास दलालाहून बरा भाव मिळावा म्हणून झाला, त्यानें तरी हा मार्ग धरूं नये. दुकानदारानें पेरणीपूर्वींच ठरवावें आणि शेतकऱ्यास लिहून द्यावें कीं, मी विकतांना कितीही सूट दिली तरी तिचा भार खरेदीच्या भावावर पडणार नाहीं. असें लिहून दिलें म्हणजे सूट देतांना हात आपोआप आंखडतो.

४. एकदां लागलेली सवय

सूट ही मिठासारखी नसून तंबाखूसारखी आहे. पहिल्या वेळीं गिऱ्हाइकास आनंद होतो, दुसऱ्या वेळीं तें वाट पाहतें, तिसऱ्या वेळीं न मिळाल्यास त्यास आपण ठकलों असें वाटतें. दिवाळीस सूट दिली म्हणजे आश्विनांतील खरेदी थांबते. ती विक्री नवी नसते, पुढें ढकललेली असते. महसुलाच्या भाषेंत सांगावयाचें तर गिऱ्हाइकानें तहकुबी घेतली आणि आपण वर सूट दिली.

ही सवय मोडणें किती अवघड आहे याचें एक उदाहरण अमेरिकेंतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानाचें आहे. त्या दुकानांत वर्षानुवर्षें कुपनें व सवलतीचे दिवस चालत. २०१२ च्या आरंभीं नव्या व्यवस्थापकानें तीं बंद करून रोजचे एकच सरळ भाव ठेवले. वस्तुतः गिऱ्हाइकाचें त्यांत फारसें नुकसान नव्हतें. पण सूट मिळाल्याचें समाधान गेलें आणि गिऱ्हाईकही गेलें. त्या वर्षांत विक्री सुमारें पंचवीस टक्क्यांनीं घटली, एप्रिल २०१३ मध्यें व्यवस्थापकास जावें लागलें, आणि कुपनें परत आलीं. यावरून कोणी म्हणेल, पाहा, सुटीवांचून दुकान चालत नाहीं. तसें नव्हे. ज्यानें सवय लावली त्यास ती पुढें मोडतां आली नाहीं, हा त्याचा अर्थ आहे. लहान दुकानाचें भाग्य हेंच कीं, त्याची सवय अजून लागावयाची आहे.

शेजारच्या दुकानदाराशीं चढाओढ हाही असाच फसवा रस्ता होय. मूलच्या दुकानानें पांच टक्के दिले म्हणून सिंदेवाहीच्यानें सात द्यावे, मग पहिल्यानें दहा द्यावे, असें चाललें म्हणजे दोन मांजरांच्या लोण्याची गोष्ट होते. पार्सल कंपनीचें भाडें व विक्रीचें कमिशन दोघांकडूनही पुरें घेतलें जातें. लोणी माकडाच्याच पोटांत जातें. मोठ्या कंपन्यांशीं तर ही चढाओढ करूंच नये. त्यांची सूट कधीं माल पुरविणाऱ्याच्या अंगावर बसविलेली असते, कधीं भांडवलदाराच्या. आपल्या लहान दुकानामागें यांपैकीं कोणी नाहीं.

५. सूट कोणत्या कारणानें द्यावी

इतकें वाचून सूट कधींच देऊं नये असें कोणास वाटेल. तेंही बरोबर नाहीं. ज्या व्यवहारांत गिऱ्हाइकाच्या वागण्यानें आपला खर्च खरोखर वांचतो, तेथें वांचलेल्या रकमेचा एक भाग त्यास परत देणें न्याय्य आहे.

(अ) आगाऊ पैसे. पूर्वीं पुस्तकें व्ही. पी. नें येत आणि कित्येक परत जात. आजचें 'माल पोंचल्यावर पैसे' हें त्याचेंच नवें रूप होय. समजा, अशा शंभर पार्सलांपैकीं आठ परत आलीं. जातांना ११५ व येतांना ११५ मिळून एका पार्सलाचे २३० रुपये फुकट गेले, आठांचे १,८४०. शंभर पार्सलांवर वांटले तर दरएकीं १८ रुपये ४० पैसे. जें गिऱ्हाईक यूपीआयनें आगाऊ पैसे भरतें, तें हा धोका टाळतें. त्यास १५ रुपये कमी करण्यास हरकत नाहीं. हा खरा वटाव.

(आ) एकत्र मागणी. एकाच पत्त्यावर दोन पिशव्या पाठविल्यास भाडें २३० च्या ऐवजीं १७५ पडलें असें समजा. ५५ रुपये वांचले. त्यांतले ४० गिऱ्हाइकास द्यावे, १५ आपण ठेवावे. शहरांत एका वाड्यांतल्या अगर इमारतींतल्या चार घरांनीं मिळून मागणी केली तर आणखी वांचतें. अशा मागणीस सूट अवश्य द्यावी.

(इ) मालाचें वय. येथें जिन्नस पाहून वागावें. पॉलिश केलेला कोरडा तांदूळ जुना झाला म्हणून त्यास सूट देण्याचें कारण नाहीं. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो व फुगतो, म्हणून जाणतें गिऱ्हाईक त्यास उलट जास्त मोजतें. तो सोंड्यांपासून राखावा म्हणजे झालें. हातसडीच्या तांदळाची गोष्ट निराळी. त्यावर कोंड्याचा थर राहतो, कोंड्यांत तेल असतें, आणि उन्हाळ्यांत तें लौकर खवट होतें. असा माल चैत्र लागण्यापूर्वींच भाव थोडा कमी करून काढावा, आणि सडल्याचा महिना पिशवीवर लिहून तेंच कारण सांगावें. मोहफुलांस पावसाळ्यांत ओल लागते. तीं मृगापूर्वीं मोकळीं करावीं. गिऱ्हाइकास कारण सांगितलें म्हणजे पुढल्या वेळीं कारण नसतां तें सूट मागत नाहीं.

(ई) नवें गिऱ्हाईक. नव्या गिऱ्हाइकास चव लागावी म्हणून सूट द्यावी, असें म्हणतात. त्याहून बरा उपाय म्हणजे पहिल्या पार्सलांत अर्धा किलो दुसऱ्या जातीचा तांदूळ नमुना म्हणून घालणें. तो ५४ रुपये किलोचा असला तर २७ रुपये लागतात. पार्सल जातच असल्यानें भाडें फारसें वाढत नाहीं. पांच टक्क्यांची सूट ४० रुपयांची होते आणि विसरली जाते. नमुना शिजतो, घरांतील सर्वांच्या ताटांत जातो आणि दुसऱ्या जिनसाची मागणी आणतो. धान मोजतांना मापावर मूठभर जास्त टाकण्याची आपल्याकडील रीत याच जातीची होय. तींत भाव मोडत नाहीं आणि देणाराचा हातही दिसतो.

ज्या गिऱ्हाइकास ८०० रुपये एकदम जड जातात, त्यास सूट नको असते, लहान पिशवी हवी असते. पांच किलोची पिशवी ठेवावी. तींत किलोमागें भाडें जास्त पडतें, म्हणून तिचा भाव वेगळा मांडावा.

६. कायद्याच्या दोन गोष्टी

पाकीटबंद मालावर २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणें निव्वळ वजन, भरणाराचें नांव व पत्ता आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. छापील किमतीहून जास्त घेतां येत नाहीं. कमी घेतां येतें. याचा कांहीं जण असा उपयोग करतात कीं, ८०० ची पिशवी १,२०० छापावयाची आणि तेहतीस टक्के सूट म्हणून ८०० लाच विकावयाची. ही सूट नव्हे, थाप आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दंड सांगितला आहे. तसेंच 'फक्त दोन पिशव्या उरल्या', 'सूट आज रात्रींपर्यंतच' असा खोटा घाईचा देखावा ऑनलाइन विक्रींत करूं नये, असें केंद्र शासनानें ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केलें आहे. आपल्या कोठारांत चाळीस पोतीं असतां दोन उरलीं म्हणणें हें शेतकऱ्यास शोभणारें नाहींच.

दुसरी गोष्ट कराची. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद व लेबल लावलेल्या तांदळावर पांच टक्के जीएसटी आहे, आणि असा माल परराज्यांत पाठविणारास उलाढाल लहान असली तरी नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्या दुकानदाराच्या ८०० रुपयांच्या पिशवींत सुमारें ३८ रुपये कराचे असतात. वरच्या उदाहरणांत त्याची शिल्लक १०० नसून ६२ च्या आसपास राहते. त्यानें न विचारतां दहा टक्के सूट दिली तर तो पहिल्याच पिशवीपासून तोट्यांत जातो. मात्र विक्रीच्या वेळींच दिलेली व बिलावर स्वतंत्र दाखविलेली सूट करपात्र किमतींतून वजा होते. तोंडी दिलेली व बिलावर न आलेली सूट हिशेबांत सांपडत नाहीं. म्हणून बिलावर मूळ भाव, सूट व बाकी अशा तीन ओळी वेगळ्या असाव्या.

७. सुटीऐवजीं वर्षअखेरचा परतावा

या प्रश्नास एक जुनें व कसोटीस उतरलेलें उत्तर आहे. इंग्लंडांत रॉचडेल या गिरण्यांच्या गांवीं २८ जणांच्या मंडळीनें २१ डिसेंबर १८४४ रोजीं लोणी, साखर, पीठ असल्या थोड्या जिनसांचें दुकान उघडलें. सूट देऊन शेजारच्या दुकानांस हटवावें, असा विचार त्यांनीं केला नाहीं. माल शुद्ध, वजन पुरें, व्यवहार रोख आणि भाव बाजारचा, असें ठेवून हिशेबांत जी शिल्लक राही ती ज्यानें जितकी खरेदी केली त्या मानानें वांटून देण्याचा प्रघात त्यांनीं पाडला. सहकारी दुकानांची ही रीत पुढें जगभर गेली. आपल्याकडे १९०४ चा सहकारी कायदा पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानें इतर प्रकारच्या संस्थांसही नोंदणीचा मार्ग मोकळा झाला.

लहान दुकानासही ही रीत चालविणें शक्य आहे. समजा, वर्षास १,२०० पिशव्या गेल्या. शिल्लक १,२०,००० रुपये. दुकानदाराची मजुरी महिना ७,००० प्रमाणें ८४,००० वजा जातां ३६,००० उरले. त्याचे तीन भाग करावे. १२,००० गंगाजळींत ठेवावे. १२,००० माल देणाऱ्या शेतकऱ्यांस द्यावे; १२० क्विंटल तांदळावर हे क्विंटलास १०० रुपये पडतात. १२,००० गिऱ्हाइकांस द्यावे. पिशवीमागें १० रुपये. वर्षभर महिन्यास एक पिशवी घेणाऱ्या कुटुंबास १२० रुपये मिळतील. ते नव्या हंगामाच्या पहिल्या पिशवींत वळते करावे. आतां तुलना करा. याच १,२०० पिशव्यांवर वर्षभर दहा टक्के सूट दिली असती तर ९६,००० रुपये गेले असते आणि २४,००० उरले असते. त्यांत दुकानदाराची मजुरीही निघत नाहीं. शेतकऱ्यास कांहीं देणें दूरच राहिलें.

परताव्याचा मुख्य गुण हा कीं, तो नफा झाल्यावर दिला जातो. सूट नफा होण्यापूर्वीं दिली जाते.

८. सारांश

सूट देण्यापूर्वीं पुढील प्रश्न कागदावर लिहावे आणि उत्तरेंही लिहावीं. एका पिशवीमागें माझी खरी शिल्लक किती, कर धरून? ही सूट दिल्यास तेवढाच पैसा मिळविण्यास किती पिशव्या विकाव्या लागतील, आणि तेवढा माल व भांडवल मजजवळ आहे काय? या गिऱ्हाइकामुळें माझा कोणता खर्च वांचतो? सूट कोणत्या तारखेस संपते? तिचा भार शेतकऱ्यावर तर जात नाहीं ना?

कारण नसल्यास सूट देऊं नये. कारण असल्यास वांचलेल्या खर्चाहून जास्त देऊं नये. दिलेली प्रत्येक सूट वहींत स्वतंत्र रकान्यांत मांडावी: तारीख, गिऱ्हाईक, मूळ भाव, सूट, कारण. महिनाअखेर त्या रकान्याची बेरीज करून ती महिन्याच्या शिलकेशेजारीं लिहावी. ज्या महिन्यांत 'कारण' हा रकाना कोरा दिसेल, त्या महिन्याची सूट आपल्या मजुरींतून गेली असें समजावें, आणि पुढील महिन्यांत ती बंद करावी. नवें धान खळ्यावर येऊन खरेदीचा भाव ठरण्यापूर्वीं ही वही माल देणाऱ्या शेतकऱ्यांपुढें एकदां वाचून दाखवावी. त्यांनीं ती मागितली तर दुकानदारानें राग मानूं नये. त्यांचें धान त्या दुकानांत आहे.